काउंटसाहेबांची परवानगी

आमच्या काउंट ट्राउनेग साहेबांनी आधी शाळा पाद्रींच्या हातून काढून पगारी गुरुजींकडे दिल्या. मग सम्राटांनी त्यांना व्हिएन्नाचे पोलीस सोपवले, आणि साहेबांनी घरोघरी कान पेरले. वीस वर्षं त्यांच्या घरची कारभारीण आहे मी, खाल्ल्या मिठाला जागून वाईट बोलवत नाही.

सम्राटांनी मठ बंद केला तेव्हा तिथली नन, माझी धाकटी बहीण कुनिगुंडे, माझ्या खोलीत राहायला आली. दर शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या चार बायका शिवण घेऊन येत आणि टाके घालताघालता तिच्याबरोबर जपमाळ म्हणत. घरी जमून असा जप करण्यावर सम्राटांची बंदी होती. कळलं असतं तर कुनिगुंडेला शहराबाहेर घालवलं असतं.

"बाई, शिवणाला कुजबुज फार हो," स्वयंपाकीण अपोलोनिया एकदा म्हणाली.

"टाके मोजतात गं."

"सगळ्या एका सुरात?"

तीही साहेबांचा कान असेल, या भीतीनं तेव्हापासून मी तिच्याशी जपून बोलू लागले.

एका सकाळी साहेबांना गरम चॉकलेटचा पेला द्यायला गेले, तर ते मला म्हणाले, "नॉटबुर्गा, बहिणीचा जप कसा चाललाय?"

मी पेला मेजावर ठेवला.

"घाबरू नकोस. चालू दे. आणखी बायका येऊ देत. देवापुढे मन मोकळं होतं. कुणाचा नवरा काय बोलतो, एवढं शनिवारी मला सांगत जा. शाळेतही मी हेच शिकवायला लावलं, खरं बोलावं."

"आणि नाही सांगितलं तर, सरकार?"

"तर जप बेकायदा आहे. आणि हे बोलणं या खोलीबाहेर जायचं नाही."

शुक्रवारी मी दारातच उभी राहिले. "आजपासून जप नाही. घरी जा."

"का गं?" मेणबत्तीवाल्याची विधवा वॉल्बुर्गा म्हणाली.  काय सांगणार? या चौघींतलीच एखादी साहेबांकडे बोलली नसेल कशावरून? तिनं साहेबांच्या घरून मिळालेल्या माझ्या जाड लोकरी झग्याच्या बाहीकडे पाहिलं. "काउंटाचं मीठ दिसतंय!" आणि सगळ्या जिना उतरल्या.

साहेबांना सांगितलं, "सरकार, जप बंद झाला." ते नुसते हसले.

कुनिगुंडे रात्रभर कूस बदलत होती. सकाळी म्हणाली, "ताई, जपाचं तूच सांगितलंस ना साहेबांना?"

"देवाशपथ, नाही."

तिनं अविश्वासानं मान हलवली. आता ती एकटीच जप करते. मी आत पाऊल टाकलं की तिचे ओठ मिटतात.