मानपाड्याचा मुका स्विच

पासवर्ड ही कंपनीची सर्वांत गुप्त गोष्ट असते. १९९८ साली आमच्या मानपाड्याच्या कारखान्यात ती इतकी गुप्त होती, की ठेवणारे सोमणसाहेबही तीन आठवड्यांत विसरले.

कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या नव्या स्विचचा पासवर्ड बदलायचं काम शुभदा चौबळकडे आलं. तिचं प्रोबेशन त्याच दिवशी संपत होतं. चारला डायरेक्टर यायच्या आत स्विच चालला तरच ती परमनंट, असं साहेबांनी सांगितलेलं.

तिने जुना पासवर्ड पुसून नवा घातला. त्यानंतर स्विचचा कन्सोल, म्हणजे कॉम्प्युटरवरून त्याला हुकूम द्यायची खिडकी, उघडला, तर स्क्रीनवर नुसती अगम्य चिन्हं उमटू लागली.

"कॉम्प्युटर-रूममध्ये चपला घालून कोण आलेलं?" साहेबांनी विचारलं.

सगळे अनवाणीच होते.

"साहेब, पासवर्ड पुसताना मीच चुकून स्विचचा अक्षरं पाठवायचा वेग वाढवलेला," शुभदा म्हणाली. " आपला कॉम्प्युटर जुन्याच वेगाने वाचतोय."

"मग स्विचला हळू बोलायला सांगा ना!"

"त्यापेक्षा कॉम्प्युटरलाच भरभर वाचायला सांगते."

पावणेचारला अक्षरं जुळली. शुभदा परमनंट झाली. डायरेक्टरांनी स्विचभोवती एक फेरी मारली आणि त्याला किती कॉम्प्युटर जोडलेत ते विचारलं.

शुभदाचा तो एक सोडला, तर अजून एकही जोडलेला नव्हता.