यादीतला पितळी डबा

खापरच्या बाजारपेठेमागे बन्सीलालचं एक जादा घर होतं. सन अडतीसपर्यंत घर भाड्याने देणं म्हणजे किल्ली देणं, एवढीच त्याची समजूत. पण पहिल्या भाडेकरूने जाताना जसोदाबाईच्या माहेरचा खलबत्ता गाडीत घातला, आणि तिने नवऱ्याला, बन्सीलालला, धारेवर धरलं. "घरले कुलूप लावा," ती म्हणाली. "मन्ही मायनी भांडी लोकेस्ना करता नहीत."

बन्सीलालने शब्द दिला. यापुढे सामानाची यादी होईल, खाली भाडेकरूची सही होईल, आणि तरी एक वाटी जरी गेली तर घराला कायमचं कुलूप.

पुढचा भाडेकरू शाळेतला दोधू मास्तर. यादी करताना बन्सीलालचा थाट मामलेदाराला लाजवील असा. खुंट्या लिहिल्या, पाटाचा एक पाय हलतो तेही लिहिलं. 'पितळी डबा, झाकणाचा, रिकामा' असं लिहून 'रिकामा'खाली रेघ ओढली. मास्तरांनी मुकाट सही केली.

दोनेक वर्षांनी मास्तरांची बदली झाली. गाडी भरून दारात उभी, बन्सीलाल यादी घेऊन ओट्यावर.

"घंगाळ?"

"हाई शे," मास्तर म्हणाले.

"पितळी डबा?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. कौसाबाईने पदर पुढे ओढला. बन्सीलालचा आवाज चढला, गल्लीने कान टवकारले. डब्याचं एवढं नव्हतं हो. घरी कोणतं तोंड घेऊन जायचं, या विचाराने गड्याला घाम फुटला होता. डबा मिळेपर्यंत गाडी हलणार नाही, असं त्याने बजावलं.

"भाऊ," कौसाबाई शेवटी पुटपुटली, "डबा तुम्हनाच घरमा शे."

बन्सीलाल तरातरा घरी गेला. डबा चुलीमागच्या फळीवर चकचकत होता.

"आखाजीना सनले तिनी सांजोऱ्या धाड्यात," जसोदाबाई म्हणाली. "रिकामा डबा माघारी कशा धाडू? काहीतरी करसू करसू म्हनता ऱ्हाई गया."

आता कुठे त्याला कौसाबाईचं मौन कळलं. डबा मागायचा म्हणजे खाऊ मागितल्यासारखंच. ती बिचारी कशी मागणार? बन्सीलाल मनातून ओशाळला.

"मंग दे आते," तो म्हणाला.

"रिकामा?" जसोदाबाईने त्याला वेड्यात काढलं आणि गुळाच्या पुऱ्यांचं पीठ मळायला घेतलं. तिकडे भरली गाडी खोळंबलेली आणि इकडे घरमालक चुलीत फुंकर मारत उकिडवा बसलेला!

पुऱ्या भरून दोघं निघाली. "मास्तर, हाऊ डबा ल्या, नि माले परत द्या," बन्सीलाल म्हणाला, "म्हंजे यादी पुरी व्हई."

कौसाबाईने पुऱ्या फडक्यात काढल्या. मग हातातला डबा पाहिला, दोरखंडाने आवळलेली गाडी पाहिली. सगळं दाणापाणी तिच्या तळाशी.

"रिकामा कशा दिऊ, भाऊ?"

बन्सीलालने कपाळाला हात लावला. गल्ली खो खो हसली.

जसोदाबाई मात्र हसली नाही. तिने पुऱ्या पुन्हा डब्यात भरल्या, झाकण दाबून बसवलं आणि कौसाबाईला गाडीत चढवून डबा तिच्या मांडीवर ठेवला. "जा आते, ऊन व्हई ऱ्हायनं," एवढंच म्हणाली. कौसाबाईचे डोळे भरून आले. गाडी हलली.

"अवं, तुन्ही मायना डबा शे तो!" बन्सीलाल घाबरून म्हणाला.

"माले माहीत शे," जसोदाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "म्हनीसनच दिन्हा. आते तिले भरीसन लई येनंच पडी."