हिरवा पट्टा

“चार दिवस झाले थोरली दवाखान्यात पडलीय, आणि याचं पाऊल तिकडे वळत नाही. भाऊ आहे की भाडेकरू!” मोठीबाईंनी गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री अशी आपटली की टेबल हललं.

त्यांचा धाकटा कोपऱ्यात बसून चादरींच्या घड्या घालत होता. बावीस वर्षांचा घोडा. एरवी त्याला हाका मारून घसा बसायचा. या चार दिवसांत मात्र त्यानं न सांगता पाणी भरलं, गठ्ठे पोचते केले, आणि ताटातलं अन्न तसंच टाकलं.

परदेशातल्या त्यांच्या या लाँड्रीसमोर रस्त्यावर गेल्या वर्षी सायकलवाल्यांसाठी हिरवा पट्टा आखला गेला. तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या गाड्या दारात थांबेनात, आणि पुलापलीकडची गोरी माणसं घंटा वाजवत सुसाट जाऊ लागली. मोठीबाईंच्या तोंडाचा पट्टाही तेव्हापासूनचा. “आपल्याला इथून हुसकायला आलेत मेले. एकदा कुणीतरी आडवं पाडा रे यांना!” असं त्या दारात उभ्या राहून म्हणत, आणि गल्लीतली तरणी पोरं खिदळत.

मग थोरलीलाच पुलापलीकडे नोकरी लागली. तिनं सायकल घेतली. हेल्मेट, काळा चष्मा, हातमोजे, थंडीचं तोंडाला फडकं.

“अगं, जन्म दिला मी, पण मलासुद्धा ओळखू यायची नाहीस,” मोठीबाई म्हणाल्या होत्या. थोरली हसत हसत निघून गेली होती.

सोमवारी संध्याकाळी, पुलाच्या तोंडाशी, कुणीतरी तिच्या चाकात काठी घातली. पाय आहेत, पण ते तिला जाणवत नाहीत. डॉक्टर म्हणतात, वाट बघा. पोलिसांना तिनं सांगितलं, कुणी दिसलं नाही. मोठीबाई मात्र दवाखान्याच्या जिन्यात रोज मोठ्यानं म्हणत, ज्यानं हे केलं त्याचे हात झडोत.

“आज तू यायचंस. सारखी विचारते ती.”

घडी धाकट्याच्या हातातच राहिली. “काय विचारते?”

“जेवलास का, ते विचारते. दुसरं काय विचारणार?”

धाकट्यानं घडी गठ्ठ्यावर ठेवली.

“तिनं एवढं झाकून कशाला घ्यायचं, आई? बोटभर कातडं दिसत नव्हतं गं. त्यात ती घंटा वाजवत सरळ माझ्याकडेच आली. आम्हाला वाटलं, त्यांच्यातलाच कुणी मस्तीत…” त्यानं तीच घडी पुन्हा उलगडली. “मला बघून वाजवत होती ती.”

इस्त्री शर्टावर तशीच राहिली. जळका वास खोलीभर झाला तेव्हा मोठीबाईंनी ती उचलली, बटण बंद केलं. पांढऱ्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता. त्यांनी तो दोनदा हातानं पुसला. मग धाकट्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

बाहेरून एक घंटा वाजत गेली. मोठीबाईंनी मान वर केली नाही. चपला पायात सरकवल्या.

“ऊठ. तोंड धू. तिला सगळं तूच सांगायचंस, मी नाही. आणि हेही सांग, की दुसऱ्या कुणाची लेक असती तर सोमवारी तू पोटभर जेवला असतास. आणि मीच वाढलं असतं.”