फोटोसाठी घर आवरू नका

मी कॅमेरा बोलतोय. मोबाईलमधला नव्हे. गळ्यात पट्टा घालून मिरवतात ना, तो. काळा, वजनदार आणि फोटो काढताना खट्‌कन आवाज करणारा. माझ्या अंगावरचं रबर एका बाजूनं सुटलंय, तिथं चिकटपट्टी लावलीय. लेन्सच्या कडेला एक चरा आहे. असा दिसतो म्हणून माझी टर उडवू नका. ह्या वयातही मला काम आहे आणि ते अर्धवट टाकून बंद पडायचं नाही, असं मी ठरवलंय.

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यातला, पण तिथलं काही आठवत नाही. डोळा उघडला तो गिरगावात, रघुवीरच्या हातात. रघुवीर लग्नांचे फोटो काढायचा. बारा वर्षं मी त्याच्याबरोबर गिरगाव-दादरचे हॉल पालथे घातले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ माझ्यासमोर खांद्यावर हात टाकून उभे राहत. नणंदा-भावजया गालाला गाल लावत. माणसं पोटं आत घेत, श्वास रोखत, आणि खटका वाजला की पोटं पुन्हा जागेवर. मला त्यात काही खोटं वाटत नसे. उलट माझा असा गोड समज होता की मी आलो म्हणूनच माणसं शहाण्यासारखी वागतात.

पुढे हलके, नवे कॅमेरे आले. रघुवीरनं तसला एक घेतला आणि मला कपाटात ठेवलं, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे. त्यानं मला विकलं नाही, फेकलं नाही. तो मला विसरला, आणि ते जास्त लागलं.

तीन वर्षांनी कपाट उघडलं आणि एक ओळखीचा चेहरा आत डोकावला. सम्यक! ह्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. परळच्या एका हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये तो कामाला आहे. पहाटे जातो, दुपारी घरी येतो.

"मोबाईल आहे की तुझ्याकडे. हे ओझं कशाला घेतोस?" रघुवीरनं विचारलं.

"मोबाईल दिसला की मितू झडप घालते रे. तिला व्हिडिओ पाहिजे असतात, फोटो राहतो बाजूला. मला असा पाहिजे की ज्यात गाणी नाहीत, कार्टून नाही, काही नाही. नुसता डोळा."

नुसता डोळा! बारा वर्षांत माझं असं वर्णन कुणी केलं नव्हतं. मी त्याच क्षणी सम्यकचा झालो.

मितू म्हणजे त्याची चार वर्षांची मुलगी, संघमित्रा. तिला ऐकू नीट येतं, समजतंही सगळं, पण ती बोलत नाही. तहान लागली तरी रडायचं, पोट दुखलं तरी रडायचं, आणि घरानं ओळखत बसायचं. दादरच्या मृणालिनीताई अशा मुलांना बोलायला शिकवतात. त्यांनी सम्यकला आणि त्याच्या बायकोला, सीमाला, उपाय सांगितला होता. घरातल्या रोजच्या वस्तूंचे, माणसांचे फोटो काढायचे, छापून वहीत चिकटवायचे, असे की मितूला ते सहज ओढून काढता येतील. पाणी हवं असेल तर मितूनं वहीतला पेल्याचा फोटो ओढून घरच्यांच्या हातात द्यायचा.

"आणि ज्या दिवशी ती दोन फोटो एकाशेजारी एक ठेवेल," ताई म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी ती पहिलं वाक्य बोलली असं समजा."

जूनमध्ये मितूला शाळेत घालायचं होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, बोलली नाही तरी चालेल, पण काय हवं ते तिला सांगता आलं पाहिजे. हातात सात महिने होते. सम्यकनं ठरवलं, रोज एक फोटो. सण असो, सुट्टी असो, ताप असो.

भोईवाड्यातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. पहिल्याच दिवशी मला बाहेर काढलं आणि आतून आवाज आला, "थांब रे! फोटो काढतोयस तर घर नको आवरायला?"

त्या सुंदराबाई, सम्यकची आई. बघता बघता दोरीवरचे कपडे पलंगाखाली गेले, गादीवर पाहुण्यांची चादर आली. सम्यकला मितूच्या पेल्याचा फोटो हवा होता. मितूचा पेला म्हणजे काठाला पोचा आलेला स्टीलचा. सुंदराबाईंनी तो मोरीत सारला आणि फडताळातून काचेचा, फुलाफुलांचा काढून दिला. मितूच्या भावाला, सात वर्षांच्या संघर्षला, घरच्या घरी बूट घालून उभं केलं. स्वतः पांढरी, निळ्या काठांची साडी नेसल्या, केस चोपून बसवले, कवळी लावली आणि भिंतीसमोर ताठ उभ्या राहिल्या. वर भिंतीवर त्यांचे मालक, म्हणजे सम्यकचे वडील बाबुराव, फोटोत होते. गिरणीत जन्म काढलेला माणूस, पण फोटोत अंगात कोट. कोट स्टुडिओचा होता.

खरं सांगतो, मी सुंदराबाईंच्या बाजूनं होतो. फोटो असावा तर असा! बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझा मान ठेवला होता.

वही तयार झाली. मितूनं पानं उलटली आणि वही भिरकावून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच, आठवडाभर तेच. तहान लागली की ती फुलांच्या पेल्याकडे बघायची सुद्धा नाही, मोरीपाशी जाऊन रडायची.

मृणालिनीताईंनी वही पाहिली आणि हसू दाबलं. "फोटो छान आहेत हो. पण हे घर तिनं कधी पाहिलंय का? पाहुण्यांचा पेला तिच्या तोंडाला लागत नाही. ती शोधतेय पोचा आलेला."

ही चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली होती, आणि तिच्यात माझाही वाटा होता. त्या दिवशी माझा बारा वर्षांचा ताठा उतरला.

सम्यक मात्र खचला नाही. आता तो काही न सांगता फोटो काढू लागला. पोचा आलेला पेला. अंगठा तुटलेली मितूची चप्पल, म्हणजे 'बाहेर जाऊया'. मोरीचं निळं पिंप, म्हणजे 'अंघोळ'. सीमाचं डबा भरतानाचं घाईचं तोंड. संघर्ष, गृहपाठ करताना उशीवर पालथा. वस्तू हलत नाहीत, माणसं हलतात. दहा फोटोंत एखादा धड यायचा. मी खट्‌ खट्‌ करत राहिलो. तीन आठवड्यांत मितूनं पेल्याचा फोटो ओरबाडून काढला आणि सीमाच्या हातात कोंबला. सीमानं तो पेला इतका भरला की पाणी मितूच्या फ्रॉकवर सांडलं. रडत कोण होतं, तर सीमा.

राहिल्या सुंदराबाई. त्या गॅलरीत विळीवर बोंबील साफ करत बसल्या होत्या. नुकतीच अंघोळ झालेली, केस मोकळे, विटक्या गाउनवर टॉवेल टाकलेला, कवळी आत वाटीत. मितूला बघून त्या बोळकं पसरून हसल्या आणि सम्यकनं खटका दाबला.

"काढलास?" त्या कडाडल्या. "असला फोटो काढलास माझा?"

"आई, मितूसाठी गं. ती तुला अशीच ओळखते."

"पूस तो. आत्ताच्या आत्ता पूस!" त्यांनी हातातला बोंबील परातीत आपटला. "सम्या, तू पोटात होतास तेव्हा एक माणूस असाच कॅमेरा घेऊन आला होता चाळीत. मी नळावर, साडी खोचलेली, अंगावर पाणी. न विचारता काढला. मग कुठल्या पुस्तकात छापून आला. खाली काय लिहिलं होतं माहितीय? 'गिरणगावातील एक गरीब स्त्री.' नाव नाही, गाव नाही. लोक घरी आणून दाखवायचे मला. त्या दिवसापासनं मी ठरवलंय, फोटोत जाईन तर नीट नेसून जाईन."

सम्यकची मान खाली गेली. माझीही गेली असती, पण मला मान नाही. "पुसतो," तो म्हणाला. त्यानं बटणावर बोट ठेवलंही. पण मितूनं त्याच्या गुडघ्यांना मिठी मारली, तो तिच्याकडे वळला आणि पुसायचं राहिलं. नंतर त्याला आठवलं, तरी त्यानं पुसलं नाही. ते काही बरोबर नव्हतं. वहीत आजीच्या पानावर निळ्या काठांचीच साडी राहिली, आणि त्या पानाला मितूनं कधी हात लावला नाही.

फेब्रुवारीत सम्यकची बहीण नलू पाय मुरगळून पडली. सुंदराबाई पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे अँटॉप हिलला गेल्या, सरकारी कॉलनीत. दुसऱ्या दिवशी मितूचं रडणं सुरू झालं. पेला दिला, तिनं लोटला. पिंप दाखवलं, नको. सीमानं आजीचा फोटो पुढे केला, तर तिनं तो फाडला. चौथ्या दिवशी तिचा आवाज बसला. आता रडताना नुसती हवा येत होती.

सम्यकनं मला मांडीवर घेतलं आणि मागचे फोटो बघत बसला. बोंबलांच्या फोटोवर त्याचा अंगठा थांबला. संघर्ष म्हणाला, "बाबा, हा छापून दे ना तिला. आजीला काय कळणारे?"

"कळणार नाही म्हणून नाही द्यायचा," सम्यक म्हणाला आणि त्यानं फोन लावला. "आई, मी खोटं बोललो. तो फोटो पुसला नव्हता. आता पुसू का? पण त्याआधी एकदा हिला ऐक."

त्यानं फोन मितूच्या तोंडाशी धरला. मग सुंदराबाईंचा आवाज आला. "छाप. आणि मागे माझं नाव लिही. पूर्ण लिही."

लालबागला फोटोंचं दुकान असलेल्या राजारामनं त्याच संध्याकाळी फोटो छापून, वर प्लास्टिक चढवून दिला. मागे सीमानं लिहिलं, 'सुंदराबाई बाबुराव जाधव, मितूची आजी'. मितूनं तो हातात घेतला. नाकाशी नेला. वास येतो का बघत असावी. मग वही ओढली, पानं उलटली, फर्‌कन दुसरा एक फोटो उपटला आणि दोन्ही जमिनीवर ठेवले, एकाशेजारी एक.

आजी. चप्पल.

सीमानं दोन्ही फोटोंवर बोट ठेवलं. "आजीकडे जाऊया," ती म्हणाली. "अहो, ती म्हणतेय आजीकडे जाऊया!"

पहिलं वाक्य बोलून झालेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं. पाचव्या मिनिटाला चौघं टॅक्सीत होते आणि मी सम्यकच्या गळ्यात.

अँटॉप हिलला नलूनं लंगडत दार उघडलं. मागे सुंदराबाई उभ्या होत्या, इस्त्रीच्या साडीत, लेकीच्या घरी शोभतील अशा. मितूनं सरळ जाऊन त्यांच्या हातात तो फोटो दिला. सुंदराबाई बघत राहिल्या. विटका गाउन, पिंजारलेले केस, बोळकं. ज्या फोटोला त्या आयुष्यभर भीत आल्या, तो त्यांच्या हातात होता. मितूनं फोटोवर बोट ठेवलं, मग आजीच्या पोटावर. पुन्हा फोटोवर, पुन्हा पोटावर.

"हो गं माझी बाय," सुंदराबाई म्हणाल्या. "मीच ती."

सम्यकनं विचारलं, "आई, एक काढू?" त्या हो म्हणाल्या तशी नलू कंगवा घेऊन धावली. "थांब दादा, आईचे केस तरी नीट करू दे!"

"राहू दे गं नले," सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी अंबाडा सोडला. तोंडावर पदर धरून कवळी काढली आणि मुठीत ठेवली. मितूला कडेवर घेतलं, माझ्या डोळ्याला डोळा भिडवला आणि बोळकं पसरून हसल्या. "घे आता!"

बारा वर्षं लाखो माणसं माझ्यासमोर हसली. त्या हसण्यानं मी पहिल्यांदा डळमळलो, आणि तरी फोटो हलला नाही.

आता माझं शटर दहा वेळा दाबलं की एकदा अडकतं. दुरुस्तीवाला म्हणतो, सुटे भाग मिळत नाहीत. नसोत मिळत. जून जवळ आलाय. शाळेचं फाटक, बाईंचा चेहरा, बाक, डब्याची सुट्टी, एवढे फोटो व्हायचे आहेत आणि ते मीच काढणार आहे. मितू आता तीन-तीन फोटो मांडते. परवा तिनं 'संघर्ष, चप्पल, नको' असं मांडलं (नको म्हणजे सीमाचा आडवा धरलेला पंजा) आणि संघर्ष दिवसभर फुगून बसला होता.

तुमच्याही घरी कुणी फोटो काढायला उठलं तर एक करा. आधी विचारू द्या त्याला; न विचारता काढलेला फोटो कितीही खरा असला तरी चोरीचाच. पण एकदा हो म्हणालात की मग चादर बदलू नका, दोरीवरचे कपडे राहू द्यात, पोचा आलेला पेला पुढे आणा. घरातलं सगळ्यात लहान माणूस तुम्हाला त्यावरूनच ओळखतं.

चला, दुपार झाली. सम्यक आला वाटतं. आजचा फोटो अजून व्हायचाय.