भाचीचा खोकला

माझे डोळे कसे आहेत ते मला विचारा, माझ्या भावाला विचारू नका. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. रस्त्याने धडधाकट चाललेला माणूसही त्याला अर्धा आंधळा दिसतो.

"ताई, एकदा येऊन बस खुर्चीत," तो गेली दोन वर्षं माझ्या मागे लागला होता. "समोरची अक्षरं वाच, मग काय ते बोलू."

"समुद्रावर अक्षरं लिहिलेली नसतात," मी म्हणायचे, आणि निघायचे. दिव्याखाली अंधार म्हणून लोक हसायचे, हसोत.

होडी आमच्या वडिलांची. अर्धी माझी, अर्धी त्याची. पण त्याला धक्क्यावर उभं राहिलं तरी मळमळतं, म्हणून चालवते मीच. आमच्या बेटाच्या मागच्या अंगाला, कड्यांच्या पोटात एक घळ आहे. आत गोट्यांचा इवलासा किनारा आणि तळ दिसेल इतकं नितळ पाणी. तिकडे चालत जायला वाट नाही. बेट पाहायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन त्या घळीत शिरणारी होडी एकच, आमची. आणि शिरण्याची रीत वडिलांनी घालून दिलेली.

घळीचं तोंड अरुंद. आत होडी वळत नाही. म्हणून नांगर बाहेरच टाकायचा, होडी फिरवायची, आणि नांगराचा दोर सोडत सोडत उलटं आत जायचं. निघताना तोच दोर ओढत बाहेर. नांगर लवकर टाकला तर दोर किनाऱ्यापर्यंत पुरत नाही. उशीर केला तर पाण्याखालचा खडक होडीचं पोट फाडतो. नेमकी जागा सांगणारी एक खूण आहे. तोंडाशी बसलेल्या म्हशीसारखा एक काळा खडक आहे आणि त्याच्या मागच्या कड्यावर एक पांढरी रेघ. म्हशीमागून रेघ बाहेर आली की नांगर सोडायचा. आणखी एक नियम वडिलांचाच: घळीच्या तोंडाशी सुकाणू ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ओठ शिवून बसायचं. दोन तोंडं बोलली की एक होडी बुडते, असं ते म्हणत.

नांगरावर माझी भाची असते. चष्मेवाल्याचीच लेक. दुकानात काचा पुसायचा कंटाळा आला म्हणून दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली आणि राहिलीच. पोर कामाला वाघ, फक्त एक खोड. घळ जवळ आली की तिला खोकला यायचा. सकाळभर ठणठणीत, आणि म्हशीपाशी पोचलं की खों खों. मी तिला मध चाटवला, मफलर विणून दिला, ओरडले, समजावलं. काही फरक नाही. "खारा वारा सोसत नाही गं, आत्या," म्हणायची, आणि मान खाली घालून दोर आवरायची.

तर या हंगामाच्या सुरुवातीला भावाने डाव टाकला. "पाहुणे नसतील त्या दिवशी मला घळीत ने. एकदा धड शिरलीस की जन्मात तुझ्या डोळ्यांचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर होडी विकायची. माझ्या अर्ध्या होडीतून माणसं बुडालेली मला चालणार नाहीत."

मी लगेच हो म्हटलं. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कोण नको म्हणेल? घळ मला तळहातासारखी पाठ. भाची मात्र ऐकून गुंडाळलेला दोर उलगडून पुन्हा गुंडाळत बसली. होडी गेली की तिच्या नशिबी पुन्हा काचा, हे मला कळत होतं. म्हणून निघायच्या सकाळी मी तिला बाजूला घेतलं, चमचाभर औषध पाजलं आणि बजावलं, "आज एकदाही खोकायचं नाही. तुझा बाप म्हणेल आत्याने पोर आजारी पाडली. शपथ आहे माझी."

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बरं."

समुद्र शांत होता. भाऊ मधल्या फळीवर दोन्ही हातांनी कड धरून बसला होता, तोंडात लवंग, चेहरा हिरवट. मी मजेत होते. बेटाला वळसा घातला, इंजिन मंद केलं, कडे जवळ आले. भाची पुढच्या टोकाला नांगर उचलून उभी राहिली. आता बोलायचा हक्क फक्त माझा.

म्हैस दिसली. नेहमीसारखीच, कडा थोड्या विरघळलेल्या. तिच्यामागे डोंगरकडा, करड्यावर करडं. होडी सावकाश पुढे सरकत होती. 'टाक' हा शब्द रोज या जागी माझ्या तोंडात आपोआप यायचा. त्यासाठी मला कधी डोळे ताणावे लागले नव्हते. आज तो येईना.

मी वाट पाहत राहिले. कशाची ते मलाच कळेना. इंजिन चालू होतं, पाणी आपटत होतं, सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी काहीतरी व्हायचं राहिलं होतं. भाचीने वळून माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, गळा हलत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिच्या खोकल्याची वाट पाहत होते.

पण हात माझे शहाणे आहेत. मी सुकाणू सगळं वळवलं, इंजिनाला जोर दिला आणि होडी मोकळ्या पाण्यात काढली. खडक डाव्या हाताला, पाण्याखाली, हिरवा चकाकत मागे गेला. इतक्या जवळून मी तो कधीच पाहिला नव्हता. इंजिन बंद केलं.

"काय झालं?" भावाने विचारलं.

"रेघ दिसत नाही मला," मी म्हटलं. "दोन वर्षं दिसलेली नाही."

तो जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. लवंग थुंकून हळूच म्हणाला, "मग ठरल्याप्रमाणे, ताई. विकू या."

"विकायचं कशाला? होडी दोन वर्षं जी आत नेते आहे तीच नेईल. फक्त आता सुकाणू धरून नेईल." मी उठले. "ये गं इकडे. नांगर माझ्याकडे दे."

भाची जागची हलेना. "आत्या, मी कधीच..."

"तोंडाशी बोलायचं नसतं," मी म्हटलं. "आणि घळीचं तोंड समोरच आहे."

तिने सुकाणू हातात घेतलं. मी पुढे जाऊन नांगर उचलला. त्याचं वजन मी विसरलेच होते. ती पुन्हा लांबून वळसा घेऊन आली, माझ्यापेक्षा सावकाश, पण सरळ. भाऊ कड सोडून पोरीकडे बघत बसला होता. त्याची मळमळ कुठे पळाली कोण जाणे.

"टाक," ती म्हणाली.

मी टाकला. होडी फिरली, दोर माझ्या तळहातांतून सरसरत गेला, आणि आम्ही उलटे त्या दोन कड्यांमधून आत गेलो. दोर संपत आला तेव्हा मागे गोट्यांवर होडीचं बूड टेकल्याचा आवाज झाला. इतकी नेमकी तर मीही कधी नेली नसेल. नेली असेल एखाद्या वेळी.

भाऊ बुटांसकट पाण्यात उतरला. किनाऱ्यावर जाऊन कितीतरी वेळ वर कड्याकडे पाहत राहिला. मग तिथूनच म्हणाला, "ताई, उद्या दुकानात ये."

"येते. पण होडी?"

"होडीचं काय? तिला कुठे चष्मा लागतो."

तो पुढे गेल्यावर मी भाचीला विचारलं, "मी थांबले नसते, तर शपथ मोडली असतीस का?"

"खोकला तोंडातच होता, आत्या," ती म्हणाली.

ही पोर दोन वर्षं माझे डोळे झाली होती, आणि मी तिला मध चाटवत बसले होते. सगळं श्रेय मी घेत होते, आणि ती घेऊ देत होती. मला भरून आलं. रडताना मला कोणी पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही, म्हणून मी दोराच्या वेटोळ्यावर वाकून चांगली मोठ्याने खोकले.

भाची सुकाणूपाशी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मध घे गं, आत्या."