तिसऱ्या बटणाखालची तोतया

मित्रांनो, मी एक जुनी तोतया आहे. जुनी म्हणजे नोकरीत जुनी. वय विचाराल तर एका जांभईएवढं. छत्री, घड्याळ, शाळेतला फळा ही मंडळी आत्मवृत्त सांगायला बसली की 'किती उन्हाळे पाहिले, किती पावसाळे पाहिले' असं सुरू करतात. मी एकही पाहिलेला नाही. मी जन्मते, धावत सुटते, कोणीतरी मला हाणतं आणि मी फुटते. तुम्ही उघडलेलं तोंड मिटेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. मग पुन्हा जन्म. तोतयाचं स्त्रीलिंग काय होतं तेही व्याकरणवाल्यांनी ठरवलेलं नाही. आमच्यासाठी वेळ कोणाला आहे?

माझं गाव म्हणजे संगणकावरचा एक खेळ. लोक आपापल्या घरी बसतात, कानाला हेडफोन लावतात आणि एकमेकांशी बोलत बोलत एकत्र राक्षस मारतात. कोणी योद्धा होतो, कोणी तिरंदाज, कोणी वैद्य. काही थोडे लोक मायावी होतात. मायावीला तलवार पेलत नाही आणि ढाल झेपत नाही. तिचं काम एकच, नाही ते दाखवायचं. दुसरं बटण दाबलं की खोटी आग. तिसरं बटण दाबलं की खोटी ती. ती खोटी ती म्हणजे मी.

तीच टोकदार टोपी, तोच जांभळा झगा, तेच नाक. फरक एवढाच की खरीच्या डोक्यावर तिचं नाव तरंगतं आणि माझ्या डोक्यावर काही तरंगत नाही. राक्षसांना वाचता येत नाही, म्हणून आमचा धंदा चालतो.

खरीला चालवते ती ठकी. हे तिचं घरातलं नाव. ठकी दिवसभर एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. खोटे दात घासते, रंगवते, खऱ्याला लाजवतील असे करते, आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत येऊन मला बनवते. कवळीला एकेक दात बसवायला तिची दुपार जाते. मला बनवायला एक बोट लागतं. पुन्हा कवळीला कोणीतरी दोन्ही वेळा धुतं, झोपताना पाण्याचा पेला देतं. मला कोणी घोटभर पाणीही विचारलेलं नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं होतं. पोट मला नाही, कंपनीनं दिलेलंच नाही. तरी दुखलं.

माझे उमेदीचे दिवस मात्र बरे होते. ठकीच्या टोळीचा म्होरक्या एक टायरचा दुकानदार होता. सगळे त्याला मुकादम म्हणत, कारण खेळतानाही तो हजेरी घ्यायचा. गुहेच्या तोंडाशी राक्षस दिसला की तो ओरडायचा, "ठकी, सोड तुझी बाहुली!" मी हात हलवत, टोपी सावरत थेट राक्षसाच्या दाढीपर्यंत जायची. तो मला सोटा घालायचा, माझ्या काचा व्हायच्या, आणि तोवर मागून बाकीचे त्याला लोळवायचे. मग मुकादम म्हणायचा, "वा ठके, काय फसवलंस!"

वा ठके. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो, इतपत ठीक आहे. पण नंतर टाळ्याही मांजरालाच? फुटल्यावर मी तिसऱ्या बटणाखाली अंधारात परत येते. तिथं दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. त्या अंधारात मी ती शाबासकी ऐकायची आणि जळायची. राक्षस मेला की लुटीतून खरीला नवी अंगठी मिळायची. पुढच्या जन्मी ती अंगठी माझ्याही बोटात असायची, नाही असं नाही. पण नक्कल. माझं दुखणं तेवढं अस्सल.

मग टोळीत बाबा आले.

ठकीचे बाबा दुसऱ्या शहरात मोटार चालवायला शिकवतात. घरात ते एकटेच. फोनवर दोघांचं बोलणं ठरलेलं असायचं. "जेवलीस?" "हो." "बरं." मग दोघंही फोन धरून बसायची आणि कोणीतरी 'ठेवते' किंवा 'ठेवतो' म्हणायचं. शेवटी ठकीनंच त्यांना खेळात ओढलं. लढायला जमणार नाही म्हणून वैद्य केलं. वैद्यानं जखमी माणसाकडे पडद्यावरचा बाण नेऊन बटण दाबायचं. त्याच्या काठीतून हिरवा उजेड निघतो आणि जखम भरते. काम सोपं. पण बाबा शिकवत शिकवत खेळायचे.

"ठके, डावीकडून येतोय बघ. इंडिकेटर न देता वळला मेला!"

"बाबा, तो लांडगा आहे."

"असू दे. शिस्त नको?"

मुकादमालाही ते सोडत नसत. "अहो मुकादम, एवढे जोरात घुसता, मागचा आरसा बघितलात का?" मुकादम घोड्यावर होता. त्या दिवसापासून टोळीचं हसणं वाढलं. आणि ठकी फोनवर न बोललेलं सगळं लढाईत बोलू लागली. दाढेचा साचा बिघडला, साहेब ओरडले, खालच्या बाईनं पुन्हा पाणी बंद केलं. एका हातानं राक्षसावर आग आणि तोंडानं पाण्याची तक्रार. मी बटणाखालून ऐकायची. माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. कोणी साधं 'जेवलीस?' म्हटलं असतं तरी मी उत्तर तयार ठेवलं होतं.

एकदा पुलावरच्या लढाईत मी नेहमीसारखी धावत सुटले. राक्षसानं सोटा घातला. मला पहिला तडा गेला आणि आता फुटणार, तेवढ्यात अंगावर हिरवा उजेड पडला. तडा भरून आला. राक्षसानं पुन्हा हाणलं, पुन्हा उजेड. जांभई संपली, दुसरी सुरू झाली, आणि मी उभीच! पहिल्यांदाच इकडेतिकडे बघायला सवड मिळाली. पुलाखाली नदी होती. इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मागे खरी मरून पडली होती.

"बाबा! ती तोतया आहे! मी इकडे आहे, इकडे!"

"अगं, दोघी सारख्याच दिसता."

"माझ्या डोक्यावर नाव आहे ना!"

खरी मेली याचं मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खोटं का बोला?

पण असं वरचेवर होऊ लागलं. शेवटी मुकादमानं ठकीला बाजूला घेतलं. "रविवारी काळा अजगर मारायचा आहे. काकांचं औषधपाणी त्या बाहुलीवर वाया जातं. आता एकदाच बघतो. पुन्हा घोळ झाला तर एक तर काका टोळीबाहेर, नाहीतर तू मायावी सोड आणि तिरंदाज हो. बाहुलीच नसली तर चुकणार कुठे?"

ठकी म्हणाली, "बाबांना बाहेर नका काढू. चुकले तर मीच तिरंदाज होते."

झालं. माझं मरण दोन वाक्यांत ठरलं, आणि तेही तिरंदाजासाठी! जन्मालाही न आलेल्या त्या बाईवर मी आठवडाभर जळले. तिचं धनुष्य कसं असेल, केस मोकळे सोडेल का, तिच्या हाती बाण म्हणजे लांबूनच काम, मेली फुटायचीही नाही.

मित्रांनो, माझी अडचण ध्यानात घ्या. बाबांनी उजेड खरीला दिला तर मी नोकरीत राहणार, पण कोरडी. मला दिला तर तो शेवटचा. आदल्या दिवशी ठकीनं बाबांकडून डोक्यावरचं नाव ओळखण्याची उजळणी करून घेतली. बाबांनी दर वेळी बरोबर ओळखलं. "पास!" ठकी म्हणाली. मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि लगेच माझ्या पोटात दुखलं.

रविवारी अजगर निघाला. टेकडीएवढा. मुकादम ढाल घेऊन समोर, खरी खडकाआड, बाबा तिच्या शेजारी. ठकीनं तिसरं बटण दाबलं आणि मी धावले. अजगरानं शेपटी फिरवली. तिचं टोक खडकामागे खरीला लागलं, मधला भाग मला. दोघींनाही तडे. ठकी ओरडली, "बाबा, मला!"

हिरवा उजेड माझ्यावर पडला.

खरी गेली. मग मुकादम, मग बाबा, मग बाकीचे. मैदानात मी एकटी अजगरासमोर उभी राहिले, तीही मला दिलेली वेळ संपेपर्यंत. मग आपोआप विरले. कोणी न मारता मी पहिल्यांदाच गेले.

अंधारात मुकादमाचा आवाज आला. "काका, डोक्यावरचं नाव वाचता येत नाही का तुम्हाला?"

"वाचलं होतं."

"मग?"

बाबा म्हणाले, "शिकाऊ गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. समोर काही आलं की पाय आपोआप जातो, विचार मागून येतो. ठकी खडकाआड होती. ही मात्र एकटी पुढे पळत गेली. खोटी आहे हे कळतं हो. पण चेहरा माझ्या पोरीचा. आपटायला निघाली की माझा पाय जातो."

मुकादमानं हजेरीही घेतली नाही.

मला मात्र सगळं कळलं. म्हणजे तो उजेडही माझा नव्हताच. तो चेहऱ्याला होता, आणि चेहरा तिचा. माझ्यावर पडलेली एकुलती एक माया, तीसुद्धा तिच्या नावावर. पोट असतं तर त्या दिवशी फुटलं असतं.

"मुकादम," ठकी म्हणाली, "मी तिरंदाज नाही होत. आम्ही दोघं निघतो."

मी आनंदानं बटणाखाली उडीच मारणार होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "ठके, एक ऐकशील? तिला आता पाठवू नकोस ना पुढं. माझ्याच्यानं बघवत नाही."

"बरं बाबा. नाही पाठवत."

तेव्हापासून मी इथंच आहे. आता ती दोघंच हिंडतात. सोपे रस्ते घेतात, राक्षस दिसला की वळसा घालतात. बाबा तिला घाटात गाडी कशी काढायची ते सांगतात, ती त्यांना कवळी कशी बसवतात ते सांगते. खेळ थोडा, बोलणं फार. माझं मात्र भलं झालं आहे, असं सगळ्यांचं मत आहे. मला आता कोणी मारत नाही. मला तडा नाही, ओरखडा नाही. मी अगदी नव्यासारखी आहे.

जुन्या वस्तू तुमच्याकडे 'आम्हाला जपा' अशी विनंती करतात. माझी विनंती उलटी आहे. मित्रांनो, जपून ठेवू नका. कपाटात, पेटीत, बटणाखाली जे ठेवलं असेल ते बाहेर काढा आणि वापरा. फुटलं तर फुटू दे. धावताना निदान वारा लागतो, आणि कधी नशीब असलं तर पुलाखालची नदी दिसते. तुमची दया चांगलीच असते, पण ज्याच्यावर करता त्याला आधी एकदा विचारत चला.

परवा बाबांनी मध्येच विचारलं, "ठके, धाकटी कशी आहे गं?"

"कोण धाकटी?"

"तीच गं. तुझी ती."

धाकटी! मला नाव पडलं होतं, आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं. मी कान टवकारले. जन्मात पहिल्यांदा माझी चौकशी होत होती, आणि उत्तर मी कधीचं तयार ठेवलं होतं.

ठकी हसली. "बरी आहे बाबा. झोपलीय."

मित्रांनो, ती खोटं बोलते. मी जागी आहे.