दोनशे सतरा नंबरची नळी

माझं दार उघडायचं तर आधी जाड हातमोजे घालावे लागतात. मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे, पण तुमच्या घरातल्यासारखा नाही. माझ्या पोटात शून्याखाली ऐंशी अंश थंडी असते. खाण्यापिण्याचं काही माझ्यात ठेवत नाहीत. माझ्यात माणसांचे आजार ठेवतात.

एका कारखान्यात पत्र्याच्या दोन भिंती, मध्ये घट्ट फेस आणि दाराच्या कडेला काळं रबर लावून मला बनवलं. चार हमालांनी मला एका इस्पितळाच्या तळघरात आणून उभं केलं. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर घड्याळ आणि मी. माझ्या माथ्यावर एक भोंगा होता. आतली थंडी कमी झाली की तो ओरडायचा.

माझी देखभाल प्रयोगशाळेतल्या एका बाईंकडे होती. सगळं इस्पितळ त्यांना बर्फवाल्या बाई म्हणायचं. कर्करोगाची गाठ एका जागी असते असं आपण समजतो. पण तिच्यातल्या काही पेशी गुपचूप सुटतात आणि नवं घर शोधत रक्तातून अंगभर हिंडतात. दीड चमचा रक्तात अब्जावधी पेशी असतात, त्यात या पाच, सात, कधी दोनच. बाई त्या बारीक गाळणीने वेगळ्या काढत. सोबत त्याच माणसाच्या थोड्या निरोगी पांढऱ्या पेशीही येत. मग ते सगळं बोटाच्या पेराएवढ्या नळीत भरून माझ्या स्वाधीन करत. एवढ्याशा पेशींमधला मजकूर, म्हणजे त्यांची जनुकं, वाचणारं यंत्र तेव्हा तिथे नव्हतं. ते येईल तोवर सांभाळायचं, एवढंच माझं काम.

त्या पेशी मेलेल्या नसत. झोपलेल्या असत. बाहेरचं माणूस बरं होई किंवा जाई, आतल्या पेशींना त्याचा पत्ता नसे. सात वर्षांत माझ्याकडे चारशे बारा नळ्या जमल्या आणि मी पुरता भरलो. त्यांतली निम्मीअधिक माणसं तोवर या जगात नव्हती. साफसफाई करणाऱ्या मावशी माझ्याकडे पाठ करून कधी फरशी पुसत नसत.

"मेलेल्यांचा आजार जिवंत आहे हो यात," त्या म्हणायच्या. "आतून टकटक ऐकू येते मला."

"बर्फ तडकतो, मावशी," बाई हसून सांगायच्या. मलाही तसंच वाटायचं. बहुतेक वेळा.

एके दिवशी दुकानांच्या पाट्या रंगवणारी एक बाई तळघरात आली. केस गळलेले, डोक्याला रुमाल, नखांत निळा रंग. "माझं रक्त घेतलंत, आता ते कुठे ठेवताय ते तरी बघू द्या," म्हणून ती हटूनच बसली होती. सोबत तिची कॉलेजात जाणारी लेक होती.

बाईंनी नळी दाखवली. तिच्यावर कागदाची चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर आकडा, दोनशे सतरा.

"हा काय आकडा आहे?" पाटीवाली म्हणाली. "कोंबडीने पाय आपटलेत जणू. आणि नाव कुठाय?"

"नाव वहीत असतं, नळीवर लिहायचं नसतं. नियम आहे."

"मग आकडा तरी माणसासारखा लिहू द्या."

तिने पिशवीतून बारीक कुंचला आणि निळ्या रंगाची डबी काढली. रिकाम्या नळीवर, श्वास रोखून, तिने दोन, एक, सात असे तीन आकडे रंगवले. एवढ्याशा जागेत इतके रेखीव आकडे मी कधी पाहिले नव्हते. रंग वाळेपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली. मग बाईंनी तिच्या पेशी त्या नळीत घातल्या.

"सहा आहेत," बाई म्हणाल्या.

"सहाच? आणि मला एवढं लोळवलं?" ती हसली आणि तिने कागदावर सही केली. "ठेवा. चोर पकडता येत नसेल तर निदान त्याचा चेहरा तरी ठेवून घ्या."

चार महिन्यांनी ती गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, लेक एकटीच तळघरात आली. बाई टेबलाशी बसल्या होत्या.

"आईचं ते अजून आहे ना यात?"

"आहे."

"जिवंत?"

"झोपलेलं आहे."

"माझी आई राखेत गेली," लेक म्हणाली, "आणि जिने तिला खाल्लं ती कीड तुम्ही इथे गारव्यात सांभाळताय? बाहेर काढा. माझ्यासमोर जाळा."

बाई उठल्या नाहीत. "तुझ्या आईने सही केलीय, बाळा. तिचा शब्द मी कसा मोडू?"

लेकीने माझ्या दारावर तळहात टेकवला. त्याच क्षणी माझ्या पोटात टक् असा आवाज झाला. तिने हात झटकन मागे घेतला.

"बर्फ," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तो आवाज तिसऱ्या कप्प्यातून आला होता. दोनशे सतरा तिथेच होती. याहून जास्त मला काही ठाऊक नाही. लेक त्या दिवशी जी गेली, ती पुन्हा कित्येक वर्षं फिरकली नाही.

मी म्हातारा होत गेलो. दाराचं रबर कडक झालं, चिरलं. कडेला बर्फाचे थर चढू लागले. नवीन रबर मागवा, असं बाईंनी तीन वेळा लिहून दिलं. नवे साहेब म्हणाले, "चालतोय ना अजून? मग चालू दे." माझा भोंगा मात्र आता वरचेवर ओरडायचा. साहेबांना त्याचा वैताग आला आणि त्यांनी त्याची तार काढून टाकली.

पुढे एकदा चार दिवस लागून सुट्टी आली. नळ्यांचा शेवटचा खोका परत आत सारताना तो तिरका बसला आणि दार बोटभर उघडं राहिलं. दिवे गेले, पावलं वर गेली. मी ओरडायला गेलो, पण माझा आवाज माझ्याकडे नव्हता.

पहिल्या दिवशी मी उणे साठावर आलो. दुसऱ्या दिवशी उणे तीसवर. माझं यंत्र जिवाच्या आकांताने घरघरत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटात पाण्याचा पहिला थेंब पडला. मग दुसरा. आणि मग मला जाणवलं, की नळ्यांमधली ती सगळी मंडळी, इतकी वर्षं दगडासारखी निजलेली, सैल पडू लागली आहेत. चारशे बारा माणसांचे आजार एकाच अंधारात कूस बदलत होते. मी थंडगार लोखंड, पण त्या दिवशी मलाही भीती वाटली.

त्याच दुपारी बर्फवाल्या बाई आल्या. सुट्टी होती, बोलावलं कुणी नव्हतं. "या म्हाताऱ्याचा भरवसा नाही, एकदा बघून येते," असं घरी सांगून त्या निघाल्या होत्या. जमिनीवरचं पाणी पाहून त्या दारातच थबकल्या. मग एकटीने, खोक्यामागून खोका छातीशी धरून, त्या दोन मजले चढत राहिल्या. वरच्या फ्रीजरमध्ये त्यांनी सगळं हलवलं.

पण बऱ्याच नळ्यांच्या कागदाच्या पट्ट्या भिजून सुटल्या होत्या. त्या माझ्या तळाशी चिखलासारख्या पडल्या होत्या. एकशे साठ नळ्या कोणाच्या, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. ज्याचं माणूस ठाऊक नाही तो आजार कुणाच्या कामाचा? पुढल्या आठवड्यात त्या सगळ्या जाळायला गेल्या. बाईंनी प्रत्येक नळी हातात घेऊन, फिरवून, उजेडात धरून पाहिली आणि मगच डब्यात टाकली. त्या एकशे साठ वेळा "माफ करा" म्हणाल्या. मी मोजत होतो.

एका नळीवरचे निळे आकडे मात्र जसेच्या तसे होते.

"पेशी आता जिवंत राहिल्या नसतील," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "पण आतला मजकूर वाचता येईल ना?"

तोवर ते यंत्र इस्पितळात आलं होतं. डॉक्टरांनी वाचलं. त्या सहा पेशींमध्ये एक चूक सापडली. पुढे त्यांनी नळीतल्या निरोगी पांढऱ्या पेशी वाचल्या. तिथेही तीच चूक होती. म्हणजे पाटीवाली ती जन्मतःच घेऊन आली होती. आणि आईकडून ती लेकीकडेही गेली असू शकत होती.

फोन बाईंनीच केला. तळघरातून, माझ्या शेजारी उभं राहून.

"मी बर्फवाली बोलतेय. ओळखलंस का?"

मग बाईंनी तिला सगळं सांगितलं आणि तपासणीला बोलावलं.

लेक आली. आता ती एका मुलीची आई होती. तपासणीत तिच्यातही ती चूक निघाली, आणि तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ. हाताला लागणार नाही, दुखणार नाही, अशी. ती काढली. आणखी वर्षभर थांबलो असतो तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. बरी झाल्यावर ती तळघरात आली. माझ्याकडे न बघता तिने बाईंचे दोन्ही हात धरले.

"मी तेव्हा जाळा म्हणाले होते," ती म्हणाली.

"आई होती तुझी. म्हणणारच."

आता माझं रबर नवं आहे आणि भोंग्याची तारही जोडली आहे. बाईंचा सत्कार झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. माझ्याबद्दलही दोन ओळी होत्या. लोक मला बघायला येतात आणि म्हणतात, याच्यामुळे एक जीव वाचला.

पण मित्रांनो, गर्दी पांगली की मला ते एकशे साठ जण आठवतात. त्यांनाही मुलं होती. कुणाच्या तरी नळीत त्यांच्यासाठीही निरोप असेल. तो कुणी वाचला नाही, त्यांच्या घरी कुणी फोन केला नाही, आणि आपल्याला काही कळायचं राहून गेलं हेसुद्धा त्यांना माहीत नाही. ती मुलं या घडीला कुठेतरी जेवत असतील, हसत असतील, पुस्तक वाचत असतील.

म्हणून कुणाचं काही सांभाळायला घेतलंत, तर दार लावल्यावर एकदा ढकलून बघा. आणि भोंगा कितीही कटकट करो, त्याचं तोंड बंद करण्याआधी उठून पाहा, तो का ओरडतोय. आत कोण झोपलंय ते तुम्हाला माहीत नसतं. कदाचित तुमच्याच घरचं कुणी असेल.